खिशातले दोन फ्यूज

आमच्या मशीन लॅबचा एक नियम आहे. मोटरचा पुरवठा तोडताना ज्याने फ्यूज काढले, त्याने ते स्वतःच्या खिशात ठेवायचे. टेबलावर ठेवले की कोणीतरी शहाणा परत बसवतो. नियम लॅब अटेंडंट उकंडाभाऊंचा, पण पाळते मी जास्त. ड्रेस शिवायला टाकताना टेलरला मी गळ्याच्या आधी खिसा सांगते.

मी जया मुनेश्वर. रोज नेरहून एसटीने यवतमाळच्या कॉलेजात येऊन अठ्ठावीस वर्षं विद्युत अभियांत्रिकी शिकवते आहे. माझा विद्यार्थी पियूष आज माझा विभागप्रमुख आहे आणि मी जिथल्या तिथे. कारण एक रीडिंग.

पीएचडीसाठी मी चार नंबरच्या मोटरवर साधी चाचणी घेत होते. मोटर पूर्ण वेगाने फिरवायची, पुरवठा तोडायचा आणि ती किती वेळात थांबते ते मोजायचं. वेग उतरत उतरत मिनिटाला सहाशे वीस फेऱ्यांवर आला आणि तिथेच राहिला. अकरा सेकंद. मग उतरला. पुरवठा नसताना मोटर वेग धरून राहत नाही, हे मलाही कळतं. तरी दिसलं ते लिहिलं. गाईड म्हणाले, खोडून टाका. मी म्हटलं, चूक असती तर मीच खोडली असती. प्रबंध तिथेच अडकला.

तेव्हापासून दर वर्षी मी ती चाचणी स्वतः घेते. वायरी बदलल्या, बेअरिंग बदललं, मीटर नवे आणले. चौदा सेकंद. एकोणीस. गेल्या वर्षी त्रेचाळीस. मुलांना हे कधीच दिसलं नाही, कारण आमची गुणी लेकरं सीनियरच्या जर्नलमधून आकडे उतरवतात.

येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होणार. त्याआधी विद्यापीठाने प्रबंधाचा शेवटचा निकाल लावायला डॉ. श्रीकृष्ण हरदास यांना पाठवलं. रीडिंग खोडा किंवा दाखवा, नाहीतर प्रबंध कायमचा फेटाळला.

"एकच ओळ आहे, मॅडम," लॅबमध्ये शिरता शिरता ते समजुतीने म्हणाले. "खोडली तर संध्याकाळपर्यंत डॉक्टर व्हाल."

"खोटे आकडे लिहिले म्हणून मी पोरांना रागावते, सर. मग मी कोणत्या तोंडाने खोडू?"

सकाळचे अकरा वाजले होते. मोटर पूर्ण वेगात आली. उकंडाभाऊंनी वेग मोजायला टॅकोमीटर धरला. मी स्विच पाडला, दोन्ही फ्यूज उपसले, हरदासांना दाखवले आणि खिशात टाकले. स्टॉपवॉच त्यांच्याच हातात दिलं.

वेग उतरू लागला. हजार. आठशे. सहाशे वीस.

तिथेच राहिला.

एक मिनिट झालं. मग पाच. हरदासांनी बोर्डाला टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही. बोर्डाकडच्या वायरी त्यांनी स्वतः सोडवल्या. मोटर एकसुरी, बारीक आवाजात फिरत होती. मोटरच्या तारांवरच्या तापलेल्या वार्निशचा वास सुटला.

"मॅडम, हे थांबून नाही राह्यलं," उकंडाभाऊ कुजबुजले. "मले भेव लागून राह्यलं."

"मलेबी. पण टॅकोमीटर सोडू नका."

विसाव्या मिनिटाला हरदासांनी स्टॉपवॉच बंद केलं.

मोटर थांबली.

त्यांनी वहीत आकडा लिहिला, खाली सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. माझ्या रीडिंगखाली पहिल्यांदाच परक्याची सही होती. दिवसभर मी हवेत होते. त्या आनंदात अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा फ्यूज परत न लावता घरी निघाले.

एसटीत खिसा कोमट लागला. फ्यूज तापतो तो त्यातून वीज वाहताना, खिशात नाही. अंगाची ऊब, असं म्हटलं. घरी येऊन फ्यूज स्टीलच्या ताटलीत ओट्यावर ठेवले आणि चहा टाकला.

सहाला उकंडाभाऊंचा फोन आला.

"मॅडम, कुलूप लावाले आलतो. चार नंबर फिरून राह्यली. फ्यूज कोनं लावले?"

"फ्यूज माझ्यापाशी हायेत."

"वायरीबी सुटलेल्याच हायेत. मंग हे कायच्यावर फिरून राह्यलं?"

"मले मालूम नाही. वेग सांगा."

त्यांनी टॅकोमीटर लावेपर्यंत फोनवर नुसता तो बारीक आवाज ऐकू येत होता.

"सहाशे वीस."

"घड्याळ लावा, भाऊ. येईल तो आकडा लिहा. खोडायचं काहीच नाही."

ताटलीत धुतल्याचे दोन थेंब राहिले होते. ते ओघळत फ्यूजपाशी गेले, चरचरले आणि आटले.