बेलदाराची शकू

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो; पुढं जमणार नाही. हिंदुराव बेलदार माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि हे घडलं ते श्रावण वद्य चतुर्दशीच्या रात्री, इथंच पुण्यात.

हिंदुराव फौजेत सुरुंग खणायचा. लढाई असली की शत्रूचे बुरूज पाडायचे, आणि पावसानं घरं पाडली की ढिगाऱ्याखालची माणसं काढायची, हे त्याच्या टोळीचं काम. मीही त्याच टोळीत होतो. त्या दिवशी मुठेला पूर आला, कसब्याखालची आळी खचली आणि टोळीला हुकूम सुटला.

त्याच आळीत हिंदुरावाचं घर होतं. आत आठ वर्षांची शकू एकटी. बायको कधीच गेलेली, त्यामुळे पोर हाच त्याचा जीव.

नदीच्या गर्जनेत हाका ऐकू जाईनात. मग सुरुंगवाल्यांची रीत. जमिनीवर पाण्यानं भरलेली परात ठेवायची. खाली कुणी ठोकलं की पाणी थरथरतं. हिंदुरावानं आपल्या घराचा थोडा ढिगारा उपसून परात ठेवली. पाणी हलेना. पुन्हा ठेवली. नाहीच. शेजारी बायडाबाईंच्या घरावर मात्र पाणी थरथरलं.

"जित्या माणसाकडं आधी," तो कसाबसा म्हणाला आणि टोळी तिकडं वळवली.

मध्यरात्री म्हाताऱ्या बायडाबाई जिवंत निघाल्या. निघाल्या त्याच बोलत.

"हिंदुराव, शकूला काढा की! माझ्यापाशीच बसलीय. तिनंच माझा हात धरून ठोकायला लावलं. सोता मात्र ठोकंना. सारखी पुसतीय... आबांना इचारा, आता आवाज केला तर चालंल का?"

लेकीला हिंदुरावानंच कौतुकानं शिकवलं होतं, खेळ म्हणून. आपण जमिनीखाली असलो आणि वर कुदळ वाजली, तर तो शत्रू. हूं की चूं करायचं नाही.

मग तो खणत सुटला. हातांनी. नखांनी. दोन घरांमधली दगडी भिंत शाबूत होती. साधी चीरसुद्धा नाही...

भिंतीपलीकडं, आपल्याच घरात, शकू सापडली.

ओठांवर बोट.

अंग केव्हाच थंड पडलेलं.

हिंदुराव तिच्या कानाशी वाकला. "बोल, बाळा. आता बोल. आपलीच माणसं हायत..."

कुणाच्यानं त्याला उठवेना. आम्ही सगळे उभ्या उभ्या रडत होतो.

पहाटे बायडाबाईंचे हात धुतले. मनगटावर पाच इवल्या बोटांचे वळ होते. त्या पुढं पुष्कळ जगल्या. सरणावर ठेवल्या, तेव्हाही ते वळ तसेच होते.