सोळावी खवणी

किलेओ सरांनी फोटोग्राफीच्या वर्गाला दिलेलं काम अगदी साधं होतं. घरात रोज वापरली जाणारी एकच वस्तू निवडायची. वेगवेगळ्या घरांतल्या तशा सोळा वस्तूंचे फोटो काढायचे, सारख्या अंतरावरून, सावलीच्या उजेडात, मागेखाली पांढरी चादर पसरून. मग चार ओळी, ओळीत चार, असे ते भिंतीवर लावायचे.

"एक कुलूप म्हणजे नुसतं कुलूप," सर म्हणाले. "सोळा कुलपं शेजारीशेजारी लावा, म्हणजे त्यांची माणसं दिसायला लागतात."

टांगा शहरातल्या त्या कॉलेजात कुणी कुलपं घेतली, कुणी थर्मास. पेंडोनं मशिदीबाहेरच्या चपला घेतल्या. हिदाया उठून म्हणाली, "सर, मी बकऱ्या घेते."

वर्ग फिदीफिदी हसला. सर डोंगराकडचे, किनाऱ्यावर नवे. त्यांनाही कळेना.

"अहो सर, खोबरं खवायची बकरी! बसायला फळी, पुढे दातेरी पातं. खवणीला आमच्या पंगानीत बकरीच म्हणतात."

शनिवारी ती डालाडालात, त्या खच्चून भरलेल्या छोट्या बसमध्ये बसून घरी पंगानीला आली. आई अंगणात तांदूळ निवडत होती.

"खवणीचे फोटो? का गं, तिच्यासाठी स्थळ बघतेयस?"

"तसंच समज."

"मग आपलीचा वाकडा पाय झाकून काढ हो. नाहीतर कोण पसंत करणार तिला!"

गल्लीत बातमी पसरली आणि बायका आपापल्या खवण्या काखोटीला मारून आल्या. कुणाची बसून बसून आरशासारखी गुळगुळीत झालेली, कुणाची फळी चिरलेली आणि तारेनं आवळलेली. एकीनं तर फोटोआधी खवणीला तेल लावलं. दुपार कलली तेव्हा पंधरा झाल्या होत्या. सोळावी काही मिळेना. उरलेल्या घरांतून खोबरं आता बाजारातल्या यंत्रावर जायचं.

राहिलं होतं एकच घर, नदीकडच्या टोकाचं. बी म्वानाशांचं.

"तिकडे नको जाऊस," आई म्हणाली. हसणं थांबलं होतं तिचं. पण हिदाया तोवर दाराबाहेर पडली होती.

बी म्वानाशांची मुलगी आशुरा हिदायापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. खोबरं पातळ कसं खवायचं, पाठीचा मळकट भाग न येऊ देता कुठे थांबायचं, हे हिदायाला तिनंच शिकवलेलं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आशुरा खोबरं खवताखवता उठली. "आत्याकडे पीठ दळून ठेवलंय, तेवढं घेऊन येते," म्हणाली आणि लहान होडीतून पलीकडच्या काठाला निघाली. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे होडी उलटली. बाकीचे पोहून आले. आशुरा सापडलीच नाही.

"शिकामू, मावशी," हिदायानं दारातून वाकून नमस्कार केला.

"मारहाबा, पोरी. ये." बी म्वानाशा हळू आवाजात बोलत, जणू घरात कुणी निजलंय.

हिदायानं काम सांगितलं. त्या तिला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेल्या. आत अंधार होता, गार राखेचा वास होता. खवणी मधोमध उघडी मांडलेली, तोंड दाराकडे. शेजारी अर्धी करवंटी, आतलं खोबरं सुकून काळं पडलेलं. पात्याच्या दातांत खोबऱ्याचे चार कण तसेच चिकटून होते, पिवळे, कडक.

"फोटो काढ. पण हलवू नकोस हां. दाराकडे तोंड करून बसायची ती. मी आले की मान वर करून हसायची."

"नाही हलवणार, मावशी."

असरची बांग झाली. बी म्वानाशा नमाजाला आतल्या खोलीत गेल्या.

हिदायानं कॅमेरा डोळ्याला लावला. काळोखात काही दिसेना. आणि पंधरा फोटो पांढऱ्या चादरीवरचे, त्यात हा एकच चुलीपुढचा कसा शोभणार? तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. दोन मिनिटांचं काम, तिनं मनाशी म्हटलं. कुणाला कळतंय?

तिनं खवणी उचलली. उचलताना तळहात फळीला लागला आणि ती दचकली. फळी उबदार होती... नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

अंगणातल्या सावलीत तिनं चादर पसरली, खवणी मांडली. पात्यावरचे ते पिवळे कण फोटोत घाण दिसत होते. बाकीची पाती कशी स्वच्छ होती. तिनं अंगावर गुंडाळलेल्या कांग्याचा पदर थुंकीनं ओला केला आणि कण पुसून काढले. फोटो काढला. आत नमाज संपून सलाम फेरल्याचा आवाज आला, तशी तिनं घाईघाईनं खवणी पुन्हा चुलीपुढे नेऊन टेकवली.

बी म्वानाशा बाहेर आल्या. "हलवली नाहीस ना?"

"नाही, मावशी."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाची माझी पोर."

त्या हाताखाली हिदायाला मान वर करता आली नाही.

सोमवारी फोटो भिंतीवर लागले. सर ओळीओळीनं बघत शेवटच्या फोटोपाशी थांबले आणि हललेच नाहीत.

"हिच्यावर कोण बसलं होतं?"

"कुणी नाही, सर."

"मग हे काय?"

हिदाया जवळ गेली. बाकीच्या पंधरा खवण्यांच्या फळ्या सरळ होत्या. सोळावीची मधोमध लवली होती, वजनानं लवावी तशी. पुढे चादरीवर चुण्या पडल्या होत्या आणि चुण्यांच्या टोकाला दोन खळगे. टाचांचे. ओलसर.

"अगंबाई," पेंडो कुजबुजली, "बकरीवर भूत बसलंय की!" मुलं हसली.

सर हसले नाहीत. "दिसत नाही, पण आहे. शाब्बास! हेच तर मला हवं होतं. प्रदर्शनात हा फोटो सगळ्यांत पुढे लावू. कुणाच्या घरची ही?"

"शेजारच्या मावशींची," हिदाया म्हणाली. "त्यांनी... आनंदानं दिली, सर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या टाळ्यांपेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी आईचा फोन आला.

"हिदाया, तू त्या घरात काय केलंस?"

"का?"

"बी म्वानाशा दार उघडत नाहीत. आणि आतून... दुपार झाली की आतून खोबरं खवल्याचा आवाज येतो. सगळी गल्ली ऐकतेय. त्यांच्या हातांना तर कंप आहे गं. त्यांना करवंटी धरवत नाही."

हिदायानं फोन ठेवला. वर्गात कुणी नव्हतं. तिनं भिंतीवरचा सोळावा फोटो काढून घेतला आणि मिळेल त्या गाडीनं पंगानीला निघाली. वाटभर ती खिडकीशी तोंड लपवून बसली होती.

ती पोचली तेव्हा ऊन नदीवर पसरलं होतं. तिनं दार वाजवलं आणि बी म्वानाशांनी ते लगेच उघडलं. त्या ओसरीतल्या चटईवर जाऊन बसल्या, तिलाही शेजारी बसवलं. आत स्वयंपाकघरातून तो आवाज येत होता, सावकाश, एका लयीत. खस्स... खस्स... खस्स.

"मावशी, मी हलवली होती. तुम्हाला खोटं सांगितलं. पात्यावरचं खोबरंही मीच पुसलं. वर्गात सांगितलं, तुम्ही आनंदानं दिलीत म्हणून."

"हलवलीस ते माहीत होतं मला."

तिनं फोटो पुढे केला. बी म्वानाशांनी तो डोळ्यांजवळ नेला. थरथरतं बोट चादरीवरच्या त्या दोन खळग्यांवरून फिरलं.

"टाचा तिच्याच," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं वाट बघितली, पोरी. शेवटी आली. पण तू खवणी भिंतीकडे तोंड करून ठेवलीस ना... माझ्याकडे पाठ करून बसते. हाका मारून घसा बसला. वळून म्हणून बघत नाही."

"मी आत्ता जाऊन फिरवून ठेवते!"

"बसल्या माणसाखालून पाट ओढतात का?"

हिदाया रडायला लागली. बी म्वानाशांनी एक वाडगा तिच्यापुढे सरकवला. ताजं खवलेलं खोबरं, पांढरंशुभ्र, पातळ, पाठीच्या मळकट भागाचा एक कण नाही. "खा."

तिनं चिमूटभर तोंडात घातलं. खोबऱ्याची गोडी नव्हतीच. घशाखाली उतरलं ते खारं, समुद्राच्या पाण्यासारखं, वाळूच्या किंचित करकरीसकट.

"रोज असंच निघतं," बी म्वानाशा म्हणाल्या. "मी खाते सगळं. टाकवत नाही."

हिदायानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं. तिथे अंधारच होता.

"आशुराताई... चूक माझी आहे. आईवर नको रागावूस. त्यांनी मला बजावलं होतं. मी त्यांना फसवलं."

खवण्याचा आवाज थांबला.

घर इतकं शांत झालं की नदीवरच्या होडीचं वल्हं ऐकू यावं. मग आत लाकूड करकरलं, बसलेलं माणूस उठावं तसं. करवंटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. ओल्या पावलांचा... एक, मग दुसरं.

बी म्वानाशांचा चेहरा दाराकडे वळला आणि हळूहळू उजळत गेला. दोन वर्षांत तो असा उजळला नसेल. त्यांनी डोळे न हलवता हिदायाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सरक थोडी, पोरी," त्या म्हणाल्या. "तिला जागा दे."

हिदाया सरकली. मान वर करायची तिची हिंमत झाली नाही. भीती होतीच, पण त्याहून लाजच जास्त होती. तिला खालचं तेवढं दिसत होतं. दोघींच्या मधली चटई दबली, आणि त्या दबलेल्या जागेतून ओल हळूहळू पसरत तिच्या कांग्याच्या काठापर्यंत आली.