पहिली सांगणी

न्यायसेवा हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एक वही, एक पेन्सिल आणि हातभर उंचीचा आरसा आणावा लागे. वही-पेन्सिल बहुतेक वेळा दप्तरातच राहत. आरसा मात्र रोज बाकावर उभा असे.

इचलकरंजीच्या यंत्रनगर विद्यालयात हा विषय शिकवणारे श्रीधर मगदूम सर हे यंत्र अभियांत्रिकीचे पदविकाधारक. उमेदीची तीस वर्षे त्यांनी मोजमापाची उपकरणे दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि साठीनंतर हाती घेतलेले हे कामही मोजमापाचेच आहे, अशी त्यांची धारणा होती. तासाला ते एका मुलाला प्रसंग सांगायला लावत आणि दुसऱ्याला ऐकायला. ऐकणाऱ्याने मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही, साधे ‘हूं’ही म्हणायचे नाही. याला ‘कोरा चेहरा’ म्हणत, आणि त्याला शंभरांपैकी चाळीस गुण असत.

“आलासे, ओठ हलला.”

“सर, ही म्हशीवरनं पडली म्हणत्या. हसू न्हाई येणार व्हय?” बाहुबली आलासे म्हणाला.

“तू हसलास की तिला वाटणार, आपण गमतीचं काहीतरी सांगतोय. पुढच्या वेळी तो प्रसंग तिला गमतीचाच आठवेल. आरशात बघ आणि पुन्हा बस.”

या ‘पुढच्या वेळी’तच सगळ्या विषयाचे मर्म होते. आठवण ही कपाटातल्या फायलीसारखी नसते. ती बाहेर काढली की काही काळ ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मेंदू तिला नव्या प्रथिनांनी पुन्हा बांधून ठेवतो. मऊ असताना तिला जे बोट लागेल, मग तो एखादा प्रश्न असो, हळहळ असो की समोरच्याचे आश्चर्य असो, त्याचा ठसा तिच्यात उरतो. सांगणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. तो प्रामाणिकपणे चुकत असतो. कोल्हापूरच्या मेंदूशास्त्रज्ञ डॉ. रेहाना मुजावर यांनी ‘थरमापक’ बनवला, तेव्हा हा प्रामाणिक चुकीचा हिशेब प्रथमच मांडता आला. आठवण जितक्या वेळा पुन्हा बांधली गेली, तितके थर हे यंत्र मोजून दाखवी, जशी झाडाच्या बुंध्यातली वर्षे मोजतात. न्यायालयांनी नियम केला: सातपेक्षा जास्त थर असतील तर ती साक्ष बाद.

नियम कागदावर सरळ होता; माणसांना मात्र त्याने मुके केले. अपघात झाला की लोक आधी एकमेकांच्या तोंडावर हात ठेवत. रुग्णवाहिकेच्या पाठीवर ‘श्रोता येईपर्यंत बोलू नका’ असे रंगवलेले असे. मयताच्या घरी बायका रडत, पण काय झाले ते कोणी कोणाला विचारत नसे. साक्षीदाराची पहिली सांगणी कोऱ्या चेहऱ्याने ऐकून घेणारा ‘प्रथमश्रोता’ तासाभरात पोहोचावा लागे. इतकी माणसे विधी महाविद्यालयांतून मिळेनात, म्हणून नववीपासूनच मुले तयार करण्याचे ठरले.

मगदूम सरांची आजवरची सर्वांत चांगली विद्यार्थिनी म्हणजे बारावीतली तेजल कुडचे. आणि सरांच्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक झाली, तीही तिच्याच बाबतीत.

त्यांच्या वर्गात प्रत्येकाने एक ‘सरावाची आठवण’ निवडायची पद्धत होती. ती खरी असावी लागे, कारण रचलेल्या गोष्टीवर हा सराव होत नाही. तिची पहिली सांगणी खुद्द सर ऐकत. नंतर ती सहाध्यायांना पुन्हापुन्हा सांगायची. ज्या प्रसंगावर खटला चालू आहे तो घ्यायचा नाही, एवढीच अट होती.

तेजलने दहावीत असताना निवडली ती वडिलांच्या मृत्यूची आठवण. अण्णासाहेब कुडचे नदीकाठच्या एका सायझिंगमध्ये बॉयलरवर कामाला होते. सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावण्याचा कारखाना. त्याला वाफ लागते. बॉयलर फुटला आणि अण्णासाहेबांसह चौघे गेले. डबा घेऊन गेलेली तेजल त्याआधी काही मिनिटेच तिथून निघाली होती, म्हणून तिच्याकडे प्रथमश्रोता आलाच नव्हता. ‘कारण अज्ञात’ असा शेरा मारून चौकशी बंद झाली होती.

“दुसरी एखादी घे की,” सर म्हणाले होते.

“सर, तीच एक नीट आठवते.”

सरांनी चौकशी बंद झाल्याचा कागद पाहिला, अर्ज नियमात बसत होता, आणि त्यांनी सही केली.

अडीच वर्षांनी, यंदाच्या दिवाळीनंतर, नदीकाठचा राडारोडा उपसताना बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा सापडला. दाब वाढला की वाफ सोडून देणारी ही झडप एका वजनाने दाबलेली असते. सापडलेल्या दांड्यावर दोन वजने होती. कोणीतरी जादा वजन अडकवून झडपेचे तोंड बांधले होते. मालकांनी बोट दाखवले ते अण्णासाहेबांकडे, आणि खटला पुन्हा उभा राहिला.

“वजन मॅनेजरनी अडकवलं,” तेजल म्हणाली. “मी दारात उभी होते सर. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

तिच्या आठवणीवर थर निघाले अठ्ठावन्न.

तिची आई शाळेत आली आणि व्हरांड्यातच उभी राहिली. “सर, आमच्या ह्यांच्या नावावर तीन घरांचं कुंकू पुसल्याचं पाप घातलंय लोकांनी. तोंडावर कोण बोलत न्हाई. पाण्याच्या टाकीवर माझी घागर तेवढी बाजूला सारत्यात.” मग ती म्हणाली, “पोरगी हुशार हाय म्हणून तुमच्या हवाली केली. तुम्ही तिचं बोलणंच फुकट घालवलंत.”

मगदूम सरांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ते कोल्हापूरला डॉ. मुजावर यांच्या प्रयोगशाळेत गेले.

“मॅडम, आमच्या कारखान्यात दोन गेज असायचे,” ते म्हणाले. “एक रोजच्या वापराचा, तो झिजतो. दुसरा मास्टर गेज. तो मखमलीच्या पेटीत ठेवायचा, आणि पहिला किती झिजला हे तपासायलाच फक्त बाहेर काढायचा. हा धडा मी कारखान्यातल्या पोरांना तीस वर्षं दिला, आणि इथं मास्टर गेजच रोज मापाला लावला.”

“तिची पहिली सांगणी कोणी ऐकली?” डॉक्टरांनी विचारले.

“मीच.”

“नंतर कधी आठवली?”

सर विचारात पडणार तोच डॉक्टरांनी हात वर केला. “थांबा! आता आठवू नका. कायद्यात श्रोतासाक्ष आहे, सर. साक्षीदाराची आठवण झिजली असेल, तर ज्याने ती प्रथम ऐकली त्याची ऐकण्याची आठवण चालते. तीही सात थरांच्या आत हवी. मोजून बघू.”

थर निघाले तीन. श्रोत्याने ऐकलेले मनात घोळवू नये, कोणाला सांगूही नये, हा नियम सरांनी स्वतःही काटेकोर पाळला होता.

“सुनावणी एकोणीस दिवसांवर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तोवर त्या आठवणीला हात लावायचा नाही. आणि एक लक्षात घ्या. मुलगी आज सांगते तेच तिने तेव्हा सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.”

“मग आधी खात्री कशी करायची?”

“करता येत नाही. तुम्ही आठवून बघितलं आणि फरक दिसला, तर त्याच क्षणी तुमचं मन तो फरक बुजवायला लागेल. कारण मुलगी तुमची लाडकी आहे. उघडायचं ते न्यायालयातच.”

सर बसने परतले. अख्ख्या प्रवासात ते स्क्रूच्या आट्यांचे तक्ते मनात म्हणत होते. डोळ्यांसमोर बॉयलर आला की ते मोठ्याने म्हणत, “अर्ध्या इंचाला बारा आटे.” शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेजलला बोलावले.

“सर, तेव्हा मी मॅनेजरचंच—”

“पुढं बोलू नकोस.” सरांनी हात आडवा धरला. “माझ्या डोक्यात काय आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचं नाही. त्यातून अण्णांची सुटका होईल, नाहीतर ते आणखी अडकतील. मी साक्ष द्यायची की नाही, हे तू आणि आईनं ठरवायचं.”

तेजलने क्षणभर बाकावरच्या आरशाकडे पाहिले. चेहरा कोराच होता. “तुम्हीच शिकवलंय सर. श्रोत्यानं साक्षीदाराची बाजू घ्यायची नाही. मी साक्षीदार आहे, म्हणून माझी तरी कशाला घेता? द्या साक्ष. मला ठाऊक आहे मी काय बघितलंय. आईला मी सांगते.”

उरलेले दिवस मगदूम सरांनी एखादे काठोकाठ भरलेले भांडे हातात धरून चालावे तसे काढले. नदीकडचा रस्ता सोडला. भाकरीचा डबा दिसला तरी ते तोंड फिरवत. का फिरवतो हे त्यांना कळत नव्हते, आणि ते कळून घेण्याचीही त्यांना मुभा नव्हती. दरम्यान त्यांनी शिक्षण विभागाला सविस्तर पत्र लिहिले: सरावासाठी खरी आठवण वापरण्याची पद्धत माझी, चूक माझी, ती सर्वत्र बंद करावी आणि माझी मान्यता काढून घ्यावी. पत्र त्यांनी तीनदा तपासले आणि रजिस्टरने पाठवले.

सुनावणीच्या दिवशी थरमापकाने चार हा आकडा दाखवला. इतकी राखण करूनही एक थर चढलाच होता. न्यायालयाची प्रथमश्रोती समोर येऊन बसली. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. चेहरा पाटीसारखा स्वच्छ. मागच्या बाकावर तेजल आणि तिची आई होत्या.

मगदूम सरांनी डोळे मिटले आणि अडीच वर्षांत प्रथमच ते दार पूर्ण उघडले.

दहावीतली तेजल त्यांच्यासमोर बसली होती, दोन वेण्या घातलेली. ती सांगत होती: मी डबा घेऊन गेले. अण्णा एकटेच होते. ते दांड्याला वजन अडकवत होते. त्यांचे हात खळीने कोपरापर्यंत पांढरे झाले होते. मला बघून ते दचकले. मी खोडी करताना सापडले की जशी हसते, तसे हसले. म्हणाले, ‘वरनं सांगितलंय. घरी बोलू नकोस.’ मग डबा उघडला, भाकरीची चतकोर मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘जा, पळ लौकर.’

मॅनेजर त्या सांगणीत कुठेच नव्हता.

सर बोलत राहिले, कारण थांबणे हीदेखील एक ढवळाढवळच झाली असती. समोरच्या मुलीची भुवई हलली नाही.

मॅनेजर कुठून आला, हे सरावाच्या नोंदवहीत सापडले. ‘चुकीचा श्रोता कसा असतो’ याच्या प्रात्यक्षिकात बाहुबली आलासेने तेजलला विचारले होते, “आणि मॅनेजर कुठं उभा होता?” ती सातवी सांगणी. प्रश्न हेतुपुरस्सर चुकीचा विचारल्याबद्दल सरांनी त्याला दहापैकी दहा गुण दिले होते. आठव्या सांगणीत मॅनेजर दारात आला आणि विसाव्या सांगणीपर्यंत वजन त्याच्या हातात गेले.

न्यायालयाने नोंद केली: वजन अण्णासाहेब कुडचे यांनी अडकवले, तसा वरून हुकूम होता, हुकूम कोणाचा, हे या साक्षीवरून ठरत नाही. त्यासाठी चौकशी पुढे चालू राहील. म्हणजे अण्णासाहेब आता एकटे दोषी नव्हते. पण निर्दोषही नव्हते.

बाहेर चिंचेखालच्या बाकावर आई पदराने तोंड पुसत बसली होती. “म्हंजे हुकूम होता,” ती पुन्हापुन्हा म्हणत होती. “येवढं तरी टाकीवर सांगता यील.”

तेजल सरांजवळ आली. “सर, मी खोटं बोलले नाही.”

“माहीत आहे.”

“आत्ताही डोळे मिटले की मॅनेजरच दिसतो. त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा दिसतो. अण्णांचे पांढरे हात दिसत नाहीत. ते हसलेले दिसत नाहीत.” तिचा आवाज स्थिर होता. “भाकरी दिल्याचं तर मला ठाऊकच नव्हतं. माझे शेवटचे अण्णा माझ्यात नाहीत, तुमच्यात आहेत.”

ती आणखी जवळ आली.

“मला सांगा. सगळं, पहिल्यापासून.”

“तेजल, कोर्टात सांगितलं तो पाचवा थर. प्रत्येक वेळी सांगताना त्यात माझं काहीतरी मिसळणार. चौकशी पुढं गेली तर ही साक्ष पुन्हा लागेल. किती वेळा सांगू?”

“एकदाच. सातच्या आतच राहील. मी मध्ये विचारणार नाही. चुकीची श्रोती होणार नाही.”

ती समोरच्या दगडावर बसली. पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि सरांनीच शिकवल्याप्रमाणे चेहऱ्यावरून सगळे काही पुसून टाकले.

मगदूम सरांनी सुरुवात केली. खळीच्या पांढऱ्या हातांपाशी आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, सकाळी ते हात कोपरापर्यंत पांढरे होते. आता मनगटापर्यंतच दिसत होते. ते तसेच पुढे गेले. हसण्यापाशी आले, भाकरीपाशी आले, ‘जा, पळ लौकर’पाशी आले.

तेजलची भुवई उचलली गेली नाही, ओठ हलला नाही, पापणीही लवली नाही. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत इतका निर्दोष कोरा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. चाळीसपैकी चाळीस. आणि हिने आज तरी नापास व्हावे, म्हणून मगदूम सर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.