चितेगावची औषधाची खिडकी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षर खोटं नाही. जिच्यावर हे बेतलं ती मुबश्शिरा आजही शहरात, रोशन गेटजवळ राहते.

रात्र नव्हती. २०२३ च्या मार्चातला मंगळवार. भर दुपार.

पैठण रोडवरच्या चितेगावात एक धर्मादाय दवाखाना आहे. मुबश्शिरा तिथं बावीस वर्षं फार्मासिस्ट होती. हात चलाख, जीभ तिखट. एक वाजला की खिडकी बंद म्हणजे बंद.

त्या दिवशी तिनं डबा उघडला आणि काचेवर टकटक झाली.

लक्ष्मीबाई. दम्याची जुनी पेशंट. हिरवं लुगडं, ओठ निळे पडलेले.

"पोरी... पंप दे गं. दम लई लागलाय."

पंपाचं खोकं मुबश्शिराच्या कोपराशी होतं. नुसता हात लांबवायचा अवकाश.

"टाइम झाला, मावशी. उद्या या."

तिनं खिडकी सरकवली. कडी घातली.

बाहेर श्वासाची शिट्टी वाजत राहिली... आणि ती जेवत राहिली.

मग शिट्टी थांबली.

तिनं दार उघडलं तेव्हा लक्ष्मीबाई पायरीवर बसलेली होती. डोळे खिडकीकडं. अंग गार.

"खिडकीवर आल्याच नाहीत," मुबश्शिरानं डॉक्टरांना सांगितलं.

महिनाभरानं तिच्यासमोरची रांग आटू लागली. चाळिसाचे दहा झाले. मग चार.

केसपेपर लिहिणारे कडूबा चक्रावले. "म्याडम, मी तर तीस पेपर लिहिले. माणसं जातात कुठं?"

ती सकाळपासून खिडकीतच बसून होती. समोर कुणीच आलं नव्हतं...

एके दिवशी बद्रीनाथ आला. डोकं भादरलेलं.

"आईच्या इन्सुलिनसाठी तीनदा आलतो. तुमच्या म्हातारीनं तिन्ही डाव परत लावलं. आता आईला काय बी नको."

"कोण म्हातारी?"

"खिडकीतली. हिरव्या लुगड्याची. बोलताना धापा टाकती."

मुबश्शिरा उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

आत तिची खुर्ची रिकामी होती.

एक बाई आली, कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू. ती त्या रिकाम्या खिडकीशी बोलली. थांबली. मान हलवली... आणि मागं वळली.

"काय झालं?"

"उद्या या म्हणल्या."

मुबश्शिरा आत धावली, औषध घेऊन रस्त्यावर आली. त्या बाईची जीप सुटली होती.

लेकरू तिसऱ्या दिवशी गेलं.

त्या दुपारी तिनं पायरीवर पंप ठेवला. हात जोडले. "मावशी, चूक झाली. मला काय करायचं ते करा, पण लोकांना सोडा."

बंद खिडकीमागं शिट्टी वाजली... हसल्यासारखी.

तिनं नोकरी सोडली.

जागेवर विशाखा नावाची नवी मुलगी आली. मुबश्शिरानं तिला सगळं सांगून पाहिलं. तिनं हसण्यावारी नेलं.

मागच्या आठवड्यात विशाखाचा फोन आला. "दीदी, तुम्ही उगीच घाबरवलं. लई आरामाचं काम हाये. सकाळपासून एक पेशंट नाय."

मुबश्शिरानं लगेच कडूबांना फोन लावला. आज किती केसपेपर लिहिले?

"सत्तावन्न," कडूबा म्हणाले.