कडी वाजली की मार्क कापले

"माझी आई घराबाहेरच पडत नाहीये हो!" फोनवर पोरगी हुंदके देत होती. दिवस भरत आलेले, त्यात हा घोर. "बाळंतपणाला येते म्हणाली होती. बॅगसुद्धा भरली होती तिने. आता येत नाही म्हणते. का विचारलं की फोन ठेवते. शेजारी मावशी राहते, ती म्हणते आई ठणठणीत आहे. मग अडलंय कुठे?"

फौजदारबाईंनी वर्दी चढवली नाही. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसापुढे वर्दी गेली की त्याची दातखीळ बसते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. साध्या कपड्यांत त्या इमारतीत शिरल्या.

जिन्याखाली रखवालदार होता. त्याने आधी भिंतीवरच्या कॅमेऱ्याला नमस्कार केला, मग बाईंना.

"कॅमेऱ्याला कशाला?"

"बघतात ना! प्रत्येकाला मार्क असतात, बाई. भांडलात, कापले. थुंकलात, कापले. कमी झाले की गाडीत बसू देत नाहीत. पोराबाळांची नोकरी जाते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"आणि हे दिसतं कुठे? पडदा कुठाय?"

"वर," त्याने आभाळाकडे बोट केलं. देव आणि सरकार, दोघांचा पत्ता त्याच्या लेखी एकच असावा.

दुसऱ्या मजल्यावर, त्या पोरीच्या आईच्या, म्हणजे माईंच्या दारासमोरही तसाच एक कॅमेरा होता. बाईंनी हलकेच दार ठोठावलं. "लेकीने पाठवलंय," त्या दाराला तोंड लावून कुजबुजल्या. आत पावलं दाराशी आली. मग जाडजूड लोखंडी कडी खणकन सरकली. बाई आत आल्या, माईंनी दार लावलं, आणि टेबलावरचा फोन टिणटिणला.

माई पांढऱ्याफटक पडल्या. बाईंनी फोन उचलून वाचला. "विनाकारण बाहेर पडलात. दोन गुण वजा. शिल्लक एकेचाळीस. कोणाला सांगितल्यास मुलीवर कारवाई होईल."

"पण तुम्ही तर बाहेर पडलाच नाहीत."

"उंबऱ्यावर पाय पडला असेल माझा," माई म्हणाल्या. शिक्षा झालीच आहे, तर चूक आपलीच असणार, असं धरून चालणारी ही बाई.

खाटेखाली भरलेली बॅग होती. तिच्यावर इवलासा लोकरी स्वेटर, एक बाही विणायची राहिलेला.

"हे कधीपासून चाललंय?"

"बॅग भरली त्या दिवसापासून. पन्नासच्या खाली आले की गाडी बंद. पार संपले की लेकीची नोकरी जाणार. कोणत्या तोंडाने जाऊ मी तिच्याकडे?"

"प्रत्येक वेळी कापतात?"

"सकाळी हमखास. संध्याकाळीही. दुपारी कचरा टाकायला गेले तर नाही कापत. दुपारची सवलत असेल."

"हे कोणाला बोललात?"

"छे हो! आत्ता तुम्हीच वाचलंत म्हणून."

"घरात कोण येतं?"

"धाकटी. माझी बहीण. शेजारीच राहते, शाळेचे गणवेश शिवते. भाजी, दूध सगळं तीच आणते बिचारी."

"ती आली की तुम्ही दार उघडता. तेव्हा कापतात?"

माई थबकल्या. "नाही. तिचे मार्क चांगले असतील."

एवढ्यात भिंतीपलीकडे शिलाई मशीन खडखडू लागली. बाई उठल्या आणि त्यांनी दार सताड उघडलं.

"अहो, नको! पाया पडते तुमच्या!"

बाईंनी ऐकलं नाही. स्टूल बाहेर नेलं, त्यावर चढल्या आणि कॅमेरा उपटून काढला. रखवालदार बोंबलत वर आला. "गेले! सगळ्या मजल्याचे मार्क गेले!"

"हे बघा." कॅमेरा म्हणजे चोरांना भिववायला टांगलेलं नुसतं खोकं. आत कोळ्याचं जाळं, मागे बोटभर वायर, तीही कशालाच न जोडलेली. फोन मात्र गप्प होता.

पलीकडची मशीन थांबली. बाईंनी माईंना आणि रखवालदाराला आत घेतलं, दार लावलं, ते न उघडता कडी दोनदा खणकन वाजवली, आणि तोंडावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

फोन टिणटिणला. "विनाकारण बाहेर पडलात. शिल्लक एकोणचाळीस."

"चला," बाई म्हणाल्या. "धाकट्या बहिणीकडे जाऊ या." त्यांनी माईंना हाताला धरून जवळजवळ ओढतच नेलं.

धाकटीने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी लटकत होती. दारात सगळ्यांना बघून तिचा हात नकळत कापलेल्या कॉलरच्या ढिगाकडे गेला. बाईंनी तो ढीग उचलला. खाली दुसरा फोन होता.

"माई, तुमच्यावर कोणी पाळत ठेवत नव्हतं," बाई म्हणाल्या. "कोणीतरी फक्त कडी ऐकत होतं. म्हणून तर तुम्ही आत असतानाही मार्क गेले. दुपारी कापले जात नव्हते, कारण दुपारी मशीन चालते. मशीनच्या खडखडाटात कडी ऐकू येत नाही. आणि धाकटी तुमच्या घरात असताना निरोप कोण पाठवणार?"

"पण मार्क..." रखवालदार चाचरला.

"नाहीत! माणसाचा असा एक आकडा आपल्याकडे कुठल्याच कचेरीत नाही. इतकी वर्षं पोलिसात आहे मी, असता तर मला माहीत असता. बँक कर्ज देताना जुनी परतफेड बघते, ते वेगळं. कोर्टाचा हुकूम मोडला तर कोर्ट अडवतं, ते वेगळं. दुकानदार गिऱ्हाइकाला पॉइंट देतो, ते आणखी वेगळं. तुम्ही सगळ्यांची खिचडी केलीत आणि तिला नमस्कार घालत बसलात. ह्या धाकटीने फक्त ती खिचडी माईंना भरवली."

धाकटीने माईंचा हात धरला. "ताई, तू परत आली नसतीस गं. लेकीने तिकडेच ठेवून घेतलं असतं तुला. मग मला कोण होतं? एक गाडी चुकावी, एवढंच होतं मनात. पण तू विश्वास ठेवलास, आणि मला थांबता येईना."

माईंनी हात सोडवून घेतला. "माझी पोर तिकडे एकटी रडतेय! आणि तू रोज माझ्या हातचा चहा पीत होतीस? तोंड बघवत नाही मला तुझं."

"जबाब मी नंतर घेते," बाई म्हणाल्या. "आधी तुम्हाला गाडीत बसवते. बॅग घ्या."

ते माईंच्या घरात परतले; माईंनी सवयीने आतून कडी लावली, रखवालदाराने बॅग उचलली. माईंनी स्वेटर छातीशी धरला, स्वतःच्या हाताने कडी काढली आणि त्या उंबऱ्याशी आल्या. तिथेच खिळल्या. समोर भिंतीवर कॅमेऱ्याच्या जागी नुसतं भोक होतं. तरी पाय उचलेना.

"काही नाही हो तिथे," बाई म्हणाल्या.

"कळतंय मला. पायाला कळत नाहीये."

धाकटी आपल्या दारात रडत उभी होती. माईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "धाकटे, मशीन चालव."

धाकटी आत गेली. मशीन खडखडू लागली. माईंनी उंबरा ओलांडला आणि कठड्याला धरून त्या जिना उतरू लागल्या. रस्त्यावर पोचेपर्यंत ती मशीन ऐकू येत होती. तिच्यात कापड नव्हतं.