स्टिअरिंगची काडेपेटी

हे मी मनाने रचलेलं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामा आहे. तो तंजावूरला राहतो, आणि आजही रोज दुपारी तीन वाजले की घराचं पुढचं दार लावून घेतो.

हो, दुपारी. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या मामाच्या ओसरीवर तीन वाजता बसून बघावं. मग बोलू आपण.

माझं नाव कीर्तना. आम्ही तंजावूरचे मराठी, घरात मराठी बोलतो पण लिहितो तमिळ. लग्न करून पुण्याला आले, इथे देवनागरी शिकले, म्हणून लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या. पण जे घडलं त्यात एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही, आणि त्यात माझाही हात आहे. तेच मला जास्त खातं.

गेल्या वर्षीचा आडी महिना, म्हणजे तुमचा आषाढ-श्रावण. बुधवार. राजवाड्यामागच्या गल्लीतलं मामाचं घर.

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं...

पण आधी मामाबद्दल सांगायला हवं. तुळजाराम मामाने तीस वर्षं बस-लॉरीच्या बॉडी बांधायच्या शेडमध्ये पत्र्याचं काम केलं. रिटायर झाला आणि हात स्वस्थ बसेनात. मग हा छंद लागला. खऱ्या लॉरीचे फोटो घ्यायचे, मापं घ्यायची, आणि हातभर लांबीची तशीच्या तशी गाडी बनवायची. सायलेन्सर रिफिलचा, ताडपत्री जुन्या छत्रीच्या कापडाची, दिव्यांना खरे बारके एलईडी. गाडीवर खरचटलेलं असेल तर तेही तिथल्या तिथे. मामी वरलक्ष्मी म्हणायची, "घरात दोन माणसं अण्णी बावीस लॉऱ्या."

मामाचा एक नियम होता.

शेडमध्ये रीत होती की नवी बॉडी झाली की चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि स्टिअरिंगला पहिला हात मालकाचा. तोवर सुतार नाही, पेंटर नाही, कोणीच ड्रायव्हरच्या जागी बसायचं नाही. पहिला हात ज्याचा, गाडी त्याची.

मामाने हे आपल्या छोट्या गाड्यांनाही लावलं. स्टिअरिंग बनवायचा, पण बसवायचा नाही. काडेपेटीत कापसावर ठेवायचा, पेटीला हळदीकुंकवाचं बोट लावायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. घरी जाऊन तुमचं तुम्ही चिकटवा.

बावीस गाड्यांत एकदाही त्याने हा नियम मोडला नव्हता.

तेविसावी गाडी कनकलताची.

कनकलता आमच्यातलीच, गावातच करंदैला राहते. नवरा मणी. स्वतःची लॉरी स्वतःच चालवायचा. लॉरीचं नाव भवानी. आदल्या वर्षीच्या आडीत, कालवा तुडुंब असताना, त्याने तीन वाजता बायकोला फोन केला. "येतोय, पान मांड." दहा मिनिटांनी स्टिअरिंग तुटलं आणि भवानी सरळ कालव्यात गेली.

मणी दोन दिवसांनी सापडला.

वर्षश्राद्धाला दोन महिने होते तेव्हा कनकलता मामाकडे आली.  मग म्हणाली, "अण्णा, रोज ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"हॉर्न. दोनदा. तीन दहाला. जेवायला आले की तसंच वाजवायचे ते. मी दार उघडते..."



तिला भवानी हवी होती, तशीच्या तशी. तिचं म्हणणं साधं होतं. गाडी बुडाली, म्हणून मणी दाराशीच अडकलाय. गाडी घरात आणली, तिचं स्टिअरिंग तिच्या हाताने बसवलं, तर तो आत येईल. श्राद्धाच्या दिवशी पान वाढायचं. पोटभर जेवला की मोकळा होईल बिचारा.

तिने पिशवीतून मणीची चौकड्याची लुंगी काढली. "सीटला हीच लावा."

मामा हळवा माणूस. लुंगी घेताना त्याचे डोळे भरून आले, असं मामी सांगते.

दोन महिने तो दुसऱ्या कशाला शिवला नाही. काचेवरचं 'मुरुगन तुणै', म्हणजे मुरुगन पाठीशी, बंपरवरचा पोचा, आरशाला बांधलेली काळी दोरी, सगळं केलं. मी माहेरपणाला गेले तेव्हा भवानी टेबलावर तयार होती. खरं सांगते, मी वाकून आत ड्रायव्हर बसलाय का ते बघितलं. इतकी ती खरी होती.

आणि मग माझी अक्कल शेण खायला गेली.

मामा मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये होता. गाड्या बनवणारे हौशी लोक. तिथे व्हिडिओंची स्पर्धा होती. अट एकच, गाडी पूर्ण हवी, आतूनसुद्धा.

"मामा, स्टिअरिंग बसव ना. व्हिडिओपुरतं," मी म्हटलं. "नंतर काढ."

"नको ग."

"कसाला नको? तासाभराचा प्रश्न. कोणाला कळतंय?"

मामाने मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "नका करू." पण तिचं ऐकतो कोण? बावीस गाड्या झाल्या, ग्रुपमध्ये कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. हाव नाही म्हणणार मी त्याला. कौतुकाची भूक होती साधी.

त्याने काडेपेटी उघडली. चिमट्याने स्टिअरिंग उचललं. मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप शोधत होते, तेवढ्यात सवयीने त्याने गमचा थेंब लावला आणि बसवून टाकलं.

गम वाळायला किती वेळ लागतो? दहा सेकंद.

"अरेरे," तो एवढंच म्हणाला.

झालं ते झालं म्हणून आम्ही पुढे गेलो. लिंबं त्या चाकांना मोठी होणार, म्हणून मामीने भाजीला आणलेल्या चार सुंडैकाया, वाटाण्याएवढी हिरवी फळं ती, चाकांखाली ठेवल्या. मी मोबाइल धरला. मामाने बोटाने भवानीला पुढे ढकललं.

फट्. फट्. सुंडैकाया फुटल्या.

आणि बाहेर गल्लीत...

फुस्स्स...

लॉरी थांबली की एअरब्रेक सोडतो ना, तो आवाज. अगदी दारात.

आमच्या गल्लीत ऑटो शिरली तर समोरून सायकल येऊ शकत नाही. लॉरी कुठून येणार?

मी दार उघडलं. गल्ली रिकामी. ऊन रखरखत होतं. समोरच्या पायरीवर नेहमी झोपलेलं कुत्रं उभं होतं, शेपूट पायांत घालून, आमच्या दाराकडे बघत.

मोबाइलवर पाहिलं. तीन दहा.

तो आवाज व्हिडिओत आलाय. अजून आहे माझ्याकडे. मी तो कोणाला पाठवत नाही, कृपया मागू नका.

गुरुवार.

मामा सकाळपासून अस्वस्थ. स्टिअरिंग सुईने सोडवायला बघितलं, निघेना. दुपारी आम्ही तिघंही उगाच पुढच्या खोलीत बसलो होतो. 

आधी डिझेलचा वास आला...

मग हॉर्न. एकदा.

दुसऱ्यांदा.

मामीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दाराबाहेर कोणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं काही. पण दाराखालच्या फटीतून येणारा उजेड मधेच तुटला होता.

पाच मिनिटांनी उजेड परत आला. मामाने दार उघडलं. सकाळी मामीने काढलेलं कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, मधोमध ओलं होऊन पुसलं गेलं होतं.

आणि टेबलावरच्या भवानीच्या चाकांना चिखल होता. ओला. राखाडी. मागच्या चाकाला शेवाळाचा एक केस चिकटलेला.

मामा खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. "मी काय करून बसलो ग," म्हणाला. माझ्यावर एका शब्दाने रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी त्याने चाकं पुसून गाडी करंदैला नेली. मी सोबत होते. कनकलताने भवानी मांडीवर घेतली, लुंगीच्या सीटवरून बोट फिरवलं.  मग हात पुढे केला.

"काडेपेटी, अण्णा?"

मामाने खरं सांगितलं. सगळं नाही. स्टिअरिंग बसवलं एवढंच.

तिने हात मागे घेतला.

"कधी बसवलं?"

"बुधवारी."

"बुधवारपासून हॉर्न नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, गाडी येणार म्हणून थांबलेत."

मामा म्हणाला, "मी तोडतो ते. आत्ता, इथंच तोडतो. नवीन करून देतो, तुझ्या हाताने बसव."

कनकलताने गाडी पोटाशी धरली. "तोडू नका. स्टिअरिंग तुटूनच गेले ते. परत तेच करायचं?"

 मामाचा हात तसाच पुढे राहिला.

शनिवारी श्राद्ध. मामा गेला, मीही गेले. मणीच्या फोटोखाली भवानी. तीन वाजता कनकलताने केळीचं पान मांडलं, भात, सांबार, त्याला आवडायची ती वांग्याची भाजी वाढली. दार सताड उघडलं आणि उंबऱ्याशी बसली. केसांत तेल घातलं होतं तिने, नवं पातळ नेसली होती.

तीन पाच.

तीन दहा...

काही नाही. रस्त्यावरून एक मोपेड गेली.

तीन बारा. भातावरची वाफ निवली.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. मामीचा. मी शेजारीच होते, मला तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. ती कुजबुजत होती.

"अहो... दारात गाडी थांबलीय. दिसत नाही. पण थांबलीय. दोनदा वाजवलं."

मामाने फोन कानाशी घट्ट दाबला.

"अहो, कोणीतरी ओसरीवर आलंय. पाय ओले आहेत त्याचे. बसलंय... पान मांडतात तशी जागा सोडून बसलंय..."

कनकलता उंबऱ्यावरून वळली. "कोण, अण्णा?"

मामाने फोन बंद केला. त्या वेळचा त्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"घरून," तो म्हणाला. "काही नाही."

तिने आणखी तासभर वाट बघितली. मग पान उचललं.

नंतर एकदा मामा तिला खरं सांगायलाच निघाला होता. तिला घरी बोलावलं, ओसरीवर बसवलं. दोनपासून चारपर्यंत ती बसली. काहीच झालं नाही. ती गेली, तिची स्कूटी कोपऱ्यावर वळली...

आणि हॉर्न वाजला. दोनदा.

त्यानंतर मामाने तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझा नवरा रोज जेवायला येतो, पण माझ्या दारात येतो, आणि तू असलीस तर येत नाही?

आता मामी रोज तीनला ओसरीवर पान वाढते आणि मामा दार लावून घेतो. साडेतीनला उघडतात. भात कोणी खाल्लेला नसतो. नुसता ओला असतो, आणि त्याला कालव्याचा वास येतो. भवानीनंतर मामाने एकही गाडी केलेली नाही. स्पर्धेला तो व्हिडिओ मी पाठवलाच नाही.

कनकलता रोज फोन करते. बरोबर तीन दहाला. तिला अजून वाटतं, मणी कुठेतरी वाट चुकलाय, आज ना उद्या येईल.

परवा मी मामाकडेच होते. फोन वाजला, मामाने स्पीकरवर घेतला. 

"अण्णा, तिकडे काही ऐकू आलं का? हॉर्न वगैरे?"

दाराखालचा उजेड तुटलेला होता. बाहेर ओसरीवर पानाशी काहीतरी टेकल्याचा आवाज झाला.

मामाने माइकवर तळहात धरला. बाहेर हॉर्न वाजला. एकदा. मग दुसऱ्यांदा. तो थांबेपर्यंत त्याने हात काढला नाही.

"नाही, अम्मा," तो म्हणाला. "आज पण नाही."