कड्यावरची वाऱ्याची पेटी

कड्यावरच्या वारामापकाची पेटी उतरवून आणायची, एवढ्यासाठी तिघं सकाळीच खालापूरहून निघाले होते. पुढे डोंगरवाडीचा वाटाड्या हिरू, मागे यंत्रदुरुस्तीवाला हुजैफा आणि मध्ये हर्षला. पायथ्याच्या छोट्या विमानतळावरून वैमानिकांना हवामानाचा अहवाल देणं हे तिचं काम.

चार दिवसांपूर्वी वैमानिक रुबिनाचं विमान उतरताना धावपट्टी संपून भाताच्या खाचरात घुसलं होतं. तिचा पाय मोडला. चौकशीत चूक तिचीच ठरत होती, कारण हर्षलाच्या अहवालात वारा समोरून होता, म्हणजे उतरायला सोयीचा, आणि वेग जेमतेम पाच नॉट.

"पेटीत मिनिटामिनिटाची नोंद असते, मॅडम," हुजैफा म्हणाला. "ती हाती आली की तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

हर्षला पुढे चालत राहिली. अपघाताच्या सकाळी कड्यावरून आकडे येणं बंद पडलं होतं आणि तिने तासाभरापूर्वीचाच आकडा पुन्हा पाठवला होता. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारवीच्या ओल्या रानातून, शेवाळलेल्या घळीतून ते वर पोचले. माथ्यावर वारा उभं राहू देईना. हुजैफाने पोटावर सरपटत जाऊन पेटी सोडवली आणि हिरूच्या पाठपिशवीत घातली.

उतरताना घळीत दगड निसटला. हिरू घसरला! हर्षलाने त्याचं मनगट धरलं, हुजैफाने दोर टाकला. दोघांनी त्याला वर ओढलं, पण पिशवी सुटून खाली एका झुडपात अडकली.

"ऱ्हाऊ द्या बाई, जिवापरीस मोठी नाय ती," हिरू धापा टाकत म्हणाला.

हर्षलाला एकदम हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणाचीच तिला शिसारी आली. तिने दोर कमरेला बांधला.

"धरा घट्ट."

ती उतरली. पायाखालची माती ढासळली, खांदा कातळावर आपटला, बोटं सोलली. पिशवी हाती लागली. वर येताच तिने पेटीच्या पडद्यावर त्या सकाळची नोंद काढली आणि दोघांना सगळं सांगून टाकलं.

हुजैफाने दोर गुंडाळून खांद्यावर घेतला.

"आता ऑफिसला?" त्याने विचारलं.

"आधी दवाखान्यात."

रुबिनाचा पाय प्लास्टरमध्ये होता. हर्षलाने पेटी तिच्या उशाशी ठेवली.

"वारा मागून होता, रुबिना. एकवीस नॉट. मी न बघताच पाच लिहिला."

रुबिनाने पेटी जवळ ओढली.

"तेच सांगत होते मी सगळ्यांना," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागली.